कुंपणाचें पाणी

गेल्या वैशाखांतील गोष्ट. पाचोऱ्यास आमच्या घराभोंवतीं मेंदीचें कुंपण आहे. तें माझ्या सहधर्मचारिणीनें लावलेलें. ती निवर्तली, कुंपण राहिलें. म्हणून त्याला पाणी घालण्याचें काम मी कोणावर न सोंपवितां स्वतःच करीत असें; तेंही सकाळ-संध्याकाळ, रबरी नळीनें, सढळ हातानें. एके सायंकाळीं तें पाणी ओघळून रस्त्यावर वाहात असतां शेजारच्या वहिनी रिकामी घागर घेऊन फाटकाशीं आल्या व म्हणाल्या, "गुरुजी, ती नळी घटकाभर ह्या घागरींत धराल का?" आमच्या गल्लींत नळाला रोज पाणी येत नाहीं. त्यांच्या बोलण्यांत टोमणा नव्हता. म्हणूनच तें मला अधिक लागलें.

घागर भरून दिली, पण रात्रीं झोंप येईना. सकाळीं मेंदीच्या बुडाशीं खुरप्यानें खणून पाहिलें. वर चिखल, आणि चार बोटें खालीं माती कोरडी ठणठणीत! मग इतके दिवस मीं पाणी घातलें तें कोणाला? थोडें उन्हाला, थोडें रस्त्याला.

चुकीचें मूळ माझ्या पांडित्यांत होतें. सहाव्या शतकांतील वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदाचा अध्याय आहे. उन्हाळ्यांत सकाळ-संध्याकाळ, हिवाळ्यांत एक दिवसाआड आणि पावसाळ्यांत जमीन सुकेल तेव्हां झाडांस पाणी द्यावें, असें त्यांत सांगितलें आहे. तेवढा आधार मला पुरेसा वाटला. परंतु तो नियम नव्यानें रोपिलेल्या झाडांचा आहे, हें विशेषण मी, जन्मभर मुलांना अन्वय लावावयास शिकविणारा, साफ विसरलों! मुरलेल्या जुन्या मेंदीला त्यांतील शेवटचा नियमच बारमास लागू: माती सुकली कीं पाणी, एरव्हीं नाहीं.

आतां काय करतों तें सांगतों. कुंपणाच्या दोहों अंगांस वीतभर रुंदीचा उथळ चर खणला व दर चार हातांवर मातीचा आडवा बांध घातला. त्यामुळें पाणी उताराकडे न धांवतां जागच्या जागीं मुरतें. आमची जमीन काळी. उन्हाळ्यांत तिला भेगा पडतात व पाणी मुळांना चुकवून त्यांतून खोल जातें. म्हणून आधीं खुरपून भेगा बुजवाव्या, मग सावकाश पाणी द्यावें आणि वर चार बोटें पालापाचोळा पसरावा. त्यानें वाफ कमी होते. रोज शिंपडल्यास मुळें वरच राहतात. अंतरानें पण भरपूर दिल्यास तीं ओलाव्यामागें खालीं जातात. नव्या रोपाशेजारीं न भाजकें नव्हे, तर भाजलेलें पण झिलई नसलेलें मडकें गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावें. तें पाझरत राहतें. ऐपत असल्यास ठिबकाची नळी अंथरावी. त्या नळ्या तर आमच्या जळगांवींच तयार होतात.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेंत एक सेंटिमीटर पाणी म्हणजे १० लिटर. आमचें कुंपण २० मीटर लांब. दोन्ही चर मिळून अर्धा मीटर रुंद. अडीच सेंटिमीटर पाण्यास २५० लिटर पुरतात, आणि तेही आठवड्यांतून एकदांच. पूर्वीं माझी नळी १५ लिटरांची बादली मिनिटांत भरी व मी ती दिवसास अर्धा तास धरीत असें. म्हणजे रोजचे ४५० लिटर!

ह्यांतलाही कांहीं भाग सूनबाई डाळ-तांदूळ व भाज्या धुतलेल्या पाण्यांतून काढते. साबण-सोड्याचें पाणी मात्र रोज एकाच ठिकाणीं ओतूं नये; जमीन बिघडते.

आमच्या खानदेशांत पांझरेकांठीं फडपद्धति शतकानुशतकें चालत आली. बंधाऱ्याचें पाणी पाटकरी पाळीनें देई, कारण वरच्यानें अधिक घेतलें तर खालच्याचें शेत कोरडें राही. हा धडा मीं पुस्तकांतून शिकविला होता. फाटकाशीं उभ्या राहिलेल्या घागरीनें तो मला शिकविला.

मेंदी वाळली नाहीं. नळ येतो त्या दिवशीं शेजारची घागर आधीं भरते, मग घरचीं भांडीं, आणि उरल्यावर कुंपण. जिनें तें लावलें, तिलाही हाच क्रम आवडला असता.