मोटारीवर नंबर कोरला, पण तो वाचणार कोण?

निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर असो, की सीमेपलीकडचं कागल, गडहिंग्लज, चंदगड. शेतकऱ्यांची एक तक्रार दोन्हीकडे सारखीच आहे. विहिरीवरची मोटार रात्रीत गेली. कधी मोटार, कधी स्टार्टर, कधी नुसतीच केबल. वेदगंगा, दूधगंगा आणि हिरण्यकेशी या नद्या महाराष्ट्रातून कर्नाटकात वाहत येतात. त्यांच्या काठावर मोटारी उघड्यावरच असतात. पाणी खाली गेलं की मोटार खाली सरकवायची, पूर आला की वर ओढायची. त्यामुळे पक्की खोली बांधून कुलूप लावायची सोय बहुतेकांना नसते.

चोरी झाली की फिर्याद होते, पंचनामा होतो. काही वेळा चोर सापडतो आणि मालही सापडतो. खरी अडचण तिथून पुढे सुरू होते. पोलीस ठाण्याच्या आवारात एकाच रंगाच्या, एकाच कंपनीच्या पाच-सहा मोटारी ओळीनं मांडलेल्या असतात आणि त्यातली आपली कोणती, हे शेतकऱ्याला सांगता येत नाही. मनातून ओळखू येते, पण कागदावर सिद्ध होत नाही. कंपनीचा सिरियल नंबर असलेली पत्र्याची पट्टी चोरानं आधीच उचकटून टाकलेली असते. पावती कधीच हरवलेली असते. मोटार जुनी घेतलेली असेल, तर पावती मुळात नसतेच.

तांब्यावर नाव, मोटारीवर नाही

वस्तूवर नाव घालायची रीत मराठी घरांना नवी नाही. लग्नातल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव आणि तारीख कोरलेली असते. देवळाच्या, तालमीच्या मोठ्या पातेल्यांवर गावाचं नाव असतं, कारण ती दहा घरी फिरतात आणि परत यावी लागतात. ऑफिसातल्या साध्या खुर्चीलाही मालमत्ता नोंदवहीतला नंबर रंगवलेला असतो आणि ऑडिटच्या वेळी तो तपासला जातो. पण शेतातली हजारो रुपयांची मोटार मात्र बिननावाची. ती बसते, चालते, जळते, रिवाइंडिंगला जाते, परत येते. या सगळ्या प्रवासात ती कुणाची, हे तिच्या अंगावर कुठेच लिहिलेलं नसतं.

नुकसानीचा हिशेबही बहुतेक वेळा अर्धाच मांडला जातो. उदाहरणादाखल धरू की मोटार ३०,००० रुपयांची होती आणि चोराला भंगारात ४,००० रुपये मिळाले. शेतकऱ्याचं नुकसान ३०,००० वर थांबत नाही. नवी मोटार येईपर्यंत आठ-दहा दिवस जातात. ऐन उन्हाळ्यात ऊस तेवढे दिवस वाळला, तर तो तोटा वेगळा. उसनं आणलेल्या पैशाचं व्याज वेगळं. चोराच्या हाती चार हजार पडतात, पण त्यासाठी गावातलं एक घर वर्षभर मागे जातं. या जमाखर्चात मोटारीवर नंबर कोरायचा खर्च कुठे बसतो? हार्डवेअरच्या दुकानात नंबर ठोकायच्या पंचांचा संच किंवा साधं कोरण्याचं मशीन मिळतं. एका गल्लीनं मिळून घेतलं, तर माणशी खर्च किरकोळ होतो.

कायदा पुरावा मागतो

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. गुन्हा त्या ठाण्याच्या हद्दीत घडला नाही, एवढ्या कारणावरून ती नाकारता येत नाही. फिर्यादीची प्रत मोफत मिळते. खटला चोरी झाली तिथल्या न्यायालयात चालू शकतो आणि चोरीचा माल जिथे बाळगला किंवा घेतला तिथल्याही. म्हणजे निपाणीची मोटार कागलमध्ये सापडली, म्हणून प्रकरण सीमेवर अडायचं कारण नाही.

जप्त मुद्देमालाचंही वेळापत्रक आता ठरलेलं आहे. कलम ४९७ नुसार माल न्यायालयासमोर आल्यावर १४ दिवसांत त्याची यादी करायची, फोटो किंवा व्हिडिओ काढायचे आणि यादीनंतर ३० दिवसांत त्याची विल्हेवाट किंवा ताबा याबद्दल आदेश द्यायचा. त्याआधीही, २००२ मध्ये, सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं मुद्देमाल ठाण्यात विनाकारण सडत ठेवू नका, असं बजावलं होतं.

पण हे सगळं मालक ठरला तर. मालक ठरला नाही, तर न्यायालय जाहीर सूचना काढतं आणि दावा सांगायला सहा महिन्यांची मुदत देतं. तेवढ्यात कुणी हक्क सिद्ध केला नाही, तर माल सरकारजमा होऊन विकला जाऊ शकतो. चोरीला गेलेली आणि पोलिसांनी शोधूनही काढलेली मोटार मालकाच्या डोळ्यांदेखत लिलावात जाऊ शकते, ती अशी. म्हणून मोटारीवरची खूण हे कुलूप नव्हे, तो पुरावा आहे. कुलूप चोरीच्या रात्री उपयोगी पडतं, खूण चोरीनंतर.

सीमाभागात नाव नको, नंबर हवा

इथे सीमाभागाची खास अडचण येते. शेतकरी मोटारीवर काही लिहितोच, तर ऑइल पेंटनं देवनागरीत आडनाव लिहितो. पाटील, देसाई, कुंभार ही आडनावं दोन्ही राज्यांत गावोगावी. शिवाय कर्नाटकातल्या ठाण्यात फिर्याद कन्नडमध्ये लिहिली जाते, महाराष्ट्रात मराठीत. नाव एका लिपीतून दुसरीत जाताना स्पेलिंग बदलतं आणि मग फिर्यादीतला माणूस व मोटारीवरचा माणूस एकच का, असा प्रश्न निघतो. देवनागरी आणि कन्नड आकडेही वेगळे. इंग्रजी आकडे मात्र दोन्हीकडचा हवालदार, वकील आणि भंगारवाला वाचू शकतो.

त्यामुळे सोपा आणि पक्का नमुना म्हणजे गावचा पिन कोड आणि त्यापुढे वीजजोडणीचा नंबर. देशात पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आहे. त्याचे सुरुवातीचे आकडेच राज्य सांगतात. कर्नाटकाचे पिन ५६ ते ५९ नं सुरू होतात, महाराष्ट्राचे ४० ते ४४ नं, आणि ४०३ आलं की गोवा. मोटारीवर ५९१२३७ दिसलं की ती निपाणीची. ४१६५०९ दिसलं की चंदगडची. पुढचा नंबर म्हणजे कर्नाटकात हेस्कॉमचा आरआर नंबर आणि महाराष्ट्रात महावितरणचा १२ अंकी ग्राहक क्रमांक. दोन्ही वीज कंपनीच्या दप्तरी मालकाच्या नावासह नोंदलेले असतात, त्यामुळे वेगळा दाखला जमवावा लागत नाही. डिझेल इंजिन असेल, तर पिननंतर जमिनीचा सर्व्हे नंबर चालतो. आधार नंबर उघड्यावरच्या वस्तूवर घालू नये. मोबाइल नंबर घालायला हरकत नाही, पण सिम बदललं की त्या खुणेला अर्थ उरत नाही.

कुठे कोरायचं, कुठे नाही

खूण रंगानं नको आणि नेमप्लेटवर नको. रंग खरवडला जातो, पट्टी उचकटली जाते. बिडाच्या जाड भागावर नंबर ठोकावा: एक सहज दिसेल असा, दुसरा लपलेला, उदाहरणार्थ तळाच्या बाजूला. मोटार आणि पंप वेगवेगळे विकले जातात, म्हणून दोन्हींवर खूण हवी. स्टार्टरच्या पेटीला आतून आणि बाहेरून.

काम करताना दोन गोष्टी सांभाळाव्या. सबमर्सिबल मोटारीच्या पातळ स्टीलच्या नळीवर पंच ठोकू नये. तिथे वरवर कोरावं किंवा पंपाच्या जाड भागावर खूण करावी. आणि जोडलेल्या मोटारीवर थेट वेल्डिंग करून नंबर काढू नये, करंट चुकीच्या वाटेनं गेला तर बेअरिंग जातं. वेल्डिंग करायचंच असेल, तर मोटार उतरवून नुसत्या स्टँडवर करावं. प्लास्टिकच्या पाइपवर तापल्या सळईनं वरवर नंबर उमटवता येतो.

खूण झाली की तिचा जवळून एक फोटो, पूर्ण मोटारीचा एक फोटो आणि असेल तर पावतीचा फोटो. हे तिन्ही घरातल्या दोघांच्या मोबाइलवर असावेत. जुनी मोटार विकताना साध्या कागदावर विक्रीचा दाखला द्यावा. घेणाऱ्यानं आधीचा नंबर खोडू नये, त्यावर एक आडवी रेघ मारून शेजारी आपला नंबर ठोकावा. खोडलेला नंबर संशय वाढवतो. रेघ मारलेला नंबर आणि सोबतचा दाखला मात्र व्यवहार सरळ झाल्याचं सांगतात.

खुणेनं काय होत नाही

खुणेची मर्यादाही स्पष्ट आहे. जी वस्तू आख्खी विकली जाते, तिथेच ती चालते: मोटार, स्टार्टर, स्प्रिंकलर, सोलर पॅनेल, सायकल. चोराला फक्त तांबं हवं असेल, तर तो मोटार फोडून वाइंडिंग काढतो, केबल जाळून तार काढतो. वितळलेल्या तांब्यावर कुणाचाच पिन कोड उरत नाही. म्हणून केबलच्या बाबतीत अनेक शेतकऱ्यांनी वेगळी वाट धरली आहे. ते तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची केबल वापरतात, कारण भंगारात तिला भाव कमी.

बाहेरचा अनुभवही हेच सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या माँटेरे पार्क इथे १९६३ मध्ये घरातल्या वस्तूंवर नंबर कोरायची मोहीम सुरू झाली आणि पुढे ती देशभर पसरली. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात साउथ वेल्समधल्या काही गावांत पोलिसांनी घरोघर जाऊन वस्तूंवर खुणा करायला लावल्या आणि दारांवर तसे स्टिकर चिकटवले. भाग घेतलेल्या घरांतल्या घरफोड्या कमी झाल्या. पण अभ्यासकांनी पुढे नोंदवलं की खुणेइतकाच, कदाचित जास्त, परिणाम त्या मोहिमेच्या गाजावाजाचा होता. इथल्या शिवारासाठी धडा सरळ आहे. गुपचूप कोरलेला नंबर माल परत मिळवायला उपयोगी. चोरी टाळायची असेल, तर या शिवारातल्या सगळ्या मोटारींवर नंबर आहेत, अशी मोठी पाटी रस्त्याला लागली पाहिजे, आणि ती मराठीत व कन्नडमध्ये दोन्हीत पाहिजे.

वाचणारा हवा

दुचाकीचं उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. बेळगावातून चोरलेली गाडी सांगलीत सापडली, तर इंजिन आणि चासी नंबरावरून मालक मिळतो, कारण तो नंबर देशभराच्या यंत्रणेत नोंदलेला आहे. गाई-म्हशींच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा १२ अंकी नंबरही असाच सरकारी नोंदीत असतो. दोन्ही ठिकाणी नुसता नंबर कामाचा नाही. त्यामागची वही कामाची आहे. मोटारीसाठी अशी वही कुठेच नाही.

ती सुरू करायला दिल्ली-बेंगळुरू-मुंबईची वाट पाहायची गरज नाही. कर्नाटकातल्या गावांत पीकेपीएस आहेत, कोल्हापूरच्या बाजूला सोसायट्या आणि सहकारी पाणीपुरवठा संस्था आहेत. सभासदांची यादी, जमिनीचा तपशील आणि कर्जाचे कागद त्यांच्याकडे आधीच असतात. त्याच यादीत मोटारीचा नंबर, एचपी आणि कंपनी असे तीन रकाने वाढवले, की गावाची नोंदवही तयार. तिची एक प्रत आपल्या ठाण्यात आणि एक सीमेपलीकडच्या शेजारच्या ठाण्यात द्यायची. निवडणुकीत दोन्ही राज्यांचे पोलीस सीमेवर मिळून नाके लावतात. मोटारींच्या यादीची देवाणघेवाण त्याहून अवघड नाही.

शेवटची कडी भंगारवाल्याची. न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असून, तो घेणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हाच धंदा सवयीनं करणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत. आजवर माहीत नव्हतं म्हणून सुटायला जागा होती, कारण मोटारीवर काहीच लिहिलेलं नसे. पिन कोड आणि आरआर नंबर ठोकलेली, किंवा नंबर नुकताच घासून काढलेली मोटार घेतल्यावर हे उत्तर टिकणं कठीण. प्रामाणिक भंगार व्यापाऱ्यालाही यात संरक्षणच आहे. माल देणाऱ्याचं नाव, ओळखपत्राची प्रत आणि मालाचा फोटो ठेवला, की उद्या पोलीस आले तरी त्याला घाबरायचं कारण नाही.

गावातल्या दहापैकी दोनच मोटारींवर नंबर असेल, तर चोर उरलेल्या आठ नेईल. म्हणून हे एकट्या-दुकट्याचं काम नाही. सोसायटीच्या येत्या वार्षिक सभेत लाभांश आणि अहवालाबरोबर हा एक विषय घेतला, पंचांचा एक संच घेतला आणि दोन दिवस शिवारात फिरलं, तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बराचसा नदीकाठ नोंदवहीत येऊ शकतो. खर्च सोसायटीच्या चहापाण्यात निघून जाईल एवढाच. ठराव कोण मांडतो, एवढंच बाकी आहे.