नोंद शोधावी कशी?

संगणकांत लाखों नोंदी सांठवितां येतात. परंतु हवी ती नोंद वेळेवर हातीं न आल्यास ती असून नसल्यासारखीच होय. म्हणून शोधण्याच्या आज्ञांची तुलना करणें अगत्याचें आहे.

१९८४ सालच्या डीबेस-३ या प्रणालींत अशा दोन आज्ञा होत्या. 'लोकेट' ही आरंभापासून एकेक नोंद वाचीत जाई. 'सीक' ही अगोदर क्रमवार लावलेल्या सूचीचा आधार घेई. दहा लक्ष नोंदींतून एक शोधावयाची तर पहिल्या रीतीनें सरासरी पांच लक्ष नोंदी चाळाव्या लागतात. उलट, क्रमवार सूचींत प्रत्येक तुलनेसरशीं निम्मा भाग वगळतां येतो, म्हणून सुमारें २० तुलना पुरतात. केवढें हें अंतर!

मग दुसरीच रीत सदैव श्रेष्ठ काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. एक तर प्रत्येक नव्या नोंदीबरोबर सूचीही सुधारावी लागते. दुसरें असें कीं, सूची ज्या खुणेवर रचिली, त्याच खुणेनें विचारल्यास ती उत्तर देते.

आमच्या डोळखांबकडील शेतकऱ्याचेंच उदाहरण घ्या. गट क्रमांक ठाऊक असल्यास सातबारा चटकन सांपडतो. परंतु ज्यास केवळ आजोबांचें नांव ठाऊक आहे, त्यानें काय करावें? एका नोंदींत 'काळू' व दुसरींत 'काळु' असें लिहिलेलें असतें. मनुष्यास दोन्ही एकच. यंत्रास मात्र निराळीं. तें क्षणार्धांत 'नोंद नाहीं' म्हणून मोकळें होतें, आणि शहापुरास गेलेल्या त्या गरिबाची दिवसाची मजुरी बुडते. असा त्वरित नकार काय कामाचा? त्यापेक्षां नांवाच्या एखाद्या अंशावरून सर्व नोंदी चाळणारी मंद आज्ञा बरी.

त्याहूनही बरा उपाय आमच्या महसुली दप्तरांतच आहे. सातबारा जमिनीवरून माहिती देतो, तर गांव नमुना आठ-अ खातेदारावरून. एकाच माहितीस दोन वाटा! संगणकांतही क्रमांकाच्या सूचीजोडीला नांवांची सूची असावी, व ती ऱ्हस्वदीर्घाचे भेद मिटवून रचावी.

विद्यार्थिमित्रहो, आपणांपैकीं कोणी उद्यां अशा आज्ञा लिहील. त्यानें यंत्राचा वेग अवश्य मोजावा. पण विचारणाऱ्यास काय ठाऊक आहे, हें आधीं पाहावें, एवढीच आमची सूचना आहे.