नाशिक फाटा ते राजगुरुनगर : रस्ता एक, रांगा तीन

पुणे-नाशिक रस्त्याबद्दल दोन माणसं बोलायला लागली की तिसऱ्या वाक्याला चाकण येतंच. माझी नोकरी पुण्यात आणि गाव संगमनेरच्या बाजूला, त्यामुळे या विषयावर माझंही मत आहेच. (कुणाचं नाहीये?) खेड घाट, मंचर, नारायणगावचे बायपास झाल्यापासून पुढचा रस्ता बराच सुखाचा झालाय. खरं दुखणं आहे ते सुरुवातीच्या तीसेक किलोमीटरमध्ये. नाशिक फाटा, भोसरी, मोशी, चाकण आणि मग राजगुरुनगर.

याच तुकड्यावर केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये ३० कि.मी. लांबीचा आठ पदरी उन्नत मार्ग मंजूर केला. खर्च ७,८२७ कोटी रुपये. आता सुटलो एकदाचे, असं बऱ्याच जणांना वाटलं. मला तसं वाटत नाही. पूल नको असं मी म्हणत नाहीये. पण नुसत्या पुलाने कुणाची सुटका होणार आणि कुणाची नाही, हे आधी बघायला हवं.

आमच्या धंद्यात सर्व्हर हळू चालायला लागला की पहिला प्रश्न असा असतो : रांगेत नक्की उभं कोण आहे? या रस्त्यावर हा प्रश्न विचारला तर एक नाही, तीन रांगा दिसतात.

पहिली रांग आरपार जाणाऱ्यांची. संगमनेर, सिन्नर, नाशिक गाठणारे. यांना चाकणमध्ये काहीच काम नाही.

दुसरी मालाची. चाकणला महिंद्रा, बजाज, फोक्सवॅगन, मर्सिडीज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य लहान कारखाने. त्यांचे ट्रेलर, न्हावाशेवा बंदराकडे जाणारे कंटेनर, शिवाय चाकणचा कांदा आणि नारायणगावचा टोमॅटो. यातला बराच माल तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्याने येतो-जातो आणि तो रस्ता आपल्या महामार्गाला भर चाकणात, तळेगाव चौकात, आडवा छेदतो.

तिसरी रांग कामगारांची. भोसरीतून, मोशीतून, राजगुरुनगरातून शिफ्टला येणारे. दुचाकी, सहा आसनी रिक्षा, कंपनीची बस, जे मिळेल ते. तीन शिफ्ट म्हणजे दिवसातून तीनदा येणारा लोंढा.

आता पूल यातल्या कुणाचा? पहिल्या रांगेचा, शंभर टक्के. दुसरीचा थोडाफार. तिसरीचा जवळजवळ नाहीच, कारण त्या माणसाला खालीच उतरायचंय, खालीच वळायचंय आणि तळेगाव चौक नाहीतर आंबेठाण चौक ओलांडायचाय. प्रोग्रॅमच्या भाषेत सांगायचं तर सगळे थ्रेड एकाच लॉकपाशी अडले असतील तर प्रोसेसर कितीही वाढवा, काही उपयोग नाही. तो लॉक म्हणजे हे चौक.

आणि गंमत अशी की दोन-दोन तास रोज घालवणारा माणूस याच तिसऱ्या रांगेत आहे. मी महिन्यातून एकदा गावी जातो. तो महिन्यातून पंचवीस वेळा कामावर जातो.

थोडं गणित करू. मोकळ्या रस्त्यावर एका लेनमधून तासाला फार तर दोन हजार गाड्या जातात. सिग्नल आला की निम्म्याहून कमी. म्हणजे हजार कार, सरासरी दीड माणूस धरला तर दीड हजार माणसं. त्याच लेनमधून दर मिनिटाला एक बस सोडली आणि प्रत्येकीत पन्नास जण असले, तर तीन हजार माणसं. लेन तीच, डांबर तेच, माणसं दुप्पट!

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. वरचा पूल होईल तेव्हा आरपारची गर्दी वर जाईल. खाली जी जागा मोकळी होईल तिच्यातली एक-एक लेन पहिल्या दिवसापासून बससाठी राखून ठेवा. "नंतर बघू" म्हटलं की ती जागा आठवड्याभरात पार्किंगने आणि कारने भरते, मग परत मिळत नाही. नाशिक फाट्याला मेट्रोचं स्टेशन आहे, शेजारी कासारवाडीला लोणावळा लोकल थांबते. म्हणजे बसला एका टोकाला रेल्वे आणि मेट्रो दोन्ही मिळतात. तयार साखळीतली एकच कडी कमी आहे.

आता रेल्वे. पुणे-नाशिक असा थेट मार्ग आजही नाही. २३५ कि.मी. ची, ताशी २०० कि.मी. वेगाची, पावणेदोन तासात पोचवणारी गाडी कागदावर फार छान दिसत होती. ती अडली खोडदला. तिथे जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची रेडिओ दुर्बीण. आकाशातले अतिशय क्षीण संदेश टिपणाऱ्या यंत्राजवळून विजेवरची गाडी नेली तर तिचा रेडिओ गोंगाट त्यात मिसळणार. शास्त्रज्ञांचा आक्षेप योग्यच होता. २०२५ मध्ये मार्ग शिर्डीकडून वळवायची भाषा सुरू झाली.

पण खोडद आहे नारायणगावजवळ. चाकण आणि राजगुरुनगर त्याच्या बरेच अलीकडे. मग दुर्बिणीचा प्रश्न सुटेपर्यंत पुणे-चाकण-राजगुरुनगर हा तुकडा का थांबवायचा? इथे ताशी २०० चा वेग नकोच आहे. साधी लोकल, लोणावळ्याला जाते तशी, शिफ्टच्या वेळा सांभाळून. पुढे मोठी गाडी कुठूनही गेली तरी हा तुकडा वाया जाणार नाही. आम्ही याला 'आधी छोटं रिलीज करा' म्हणतो.

आणि एक जवळजवळ फुकटचा उपाय : कारखान्यांनी शिफ्टच्या वेळा अर्ध्या-अर्ध्या तासाने पुढेमागे करायच्या, आणि त्या वेळात ट्रेलर चौकात आणायचे नाहीत. याला सिमेंट लागत नाही, फक्त एकत्र बसावं लागतं. तेच आपल्याकडे सिमेंटपेक्षा महाग पडतं. :)

असो. पुलाचा खर्च सगळ्यांच्या खिशातून होणार आहे. त्यामुळे त्याचं उद्घाटन होईल तेव्हा नाशिकला किती मिनिटं लवकर पोचलो एवढंच मोजू नका. पहिल्या शिफ्टचा माणूस मोशीहून चाकणला किती वाजता पोचला, तेही मोजा.