बस नव्हे, खत

आर्सेलर-मित्तल या बड्या पोलाद कंपनीने जून २०२५ मध्ये जर्मनीतील ब्रेमेन आणि आयझेनह्युटेनश्टाट इथले, पुढे हायड्रोजनवर चालवायच्या भट्ट्यांचे प्रकल्प गुंडाळले. त्यासाठी मंजूर झालेल्या १३० कोटी युरोंच्या सरकारी मदतीवरही पाणी सोडले. वीज महाग होती आणि हरित हायड्रोजन परवडेल अशा भावात मिळण्याची चिन्हे नव्हती. भारताने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींचे हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे उद्दिष्ट ठेवले. महाराष्ट्रानेही त्याच वर्षी ८,५६२ कोटींचे धोरण आणले. जर्मनीतल्या माघारीचा अर्थ या दोन्ही सरकारांनी नीट लावायला हवा. पैसा कमी पडला म्हणून तिथले काम थांबले नाही. त्या भावाला माल घेणारा कुणी नव्हता, म्हणून थांबले.

पाण्यातून एक किलो हायड्रोजन वेगळा करायला पन्नास ते पंचावन्न युनिट वीज लागते. ती चार रुपयांनी घेतली तर नुसत्या विजेचेच दोनशेहून अधिक रुपये होतात. अडीच रुपयांनी मिळाली तर सव्वाशे ते एकशे चाळीस. सौरविजेचे दर उतरल्यामुळेच हा हिशेब आज मांडता येतो. पण सूर्य मावळला की कोट्यवधींची यंत्रे रिकामी बसतात आणि त्यांचा हप्ता दिवसाच्या उत्पादनावर चढतो. सौर आणि पवन वीज एकत्र घेतली, जोडीला साठवण दिली, तर यंत्रे जास्त तास चालतात. त्यासाठी लागणाऱ्या बॅटऱ्या झपाट्याने स्वस्त झाल्या आहेत. मात्र याच बॅटऱ्यांनी हायड्रोजनवरच्या मोटारींची बाजारपेठ हिरावून घेतली. विजेचा हायड्रोजन करून तो गाडीत पुन्हा विजेत बदलला, तर मूळ विजेचा जेमतेम तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो. शहरी बससेवेसाठी हा उपद्व्याप सरकारने करू नये.

हायड्रोजन आजही टनावारी खपतो तो तेलशुद्धीकरण आणि खत कारखान्यांत, आणि तिथे तो नैसर्गिक वायूपासून बनतो. दर किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पारादीपच्या खत कारखान्यासाठी २०२५ मध्ये झालेल्या लिलावात हरित हायड्रोजनपासून बनणाऱ्या, म्हणजे हरित, अमोनियाचा दर किलोला ५५ रुपये ७५ पैसे निघाला. वायूपासूनच्या अमोनियापेक्षा तो महागच, पण दरी बुजवता येण्याजोगी आहे. दहा वर्षांच्या खरेदीची हमी असल्याने उत्पादकाला इतके खाली येता आले. युरियाला कार्बन डायऑक्साइडही लागतो आणि तो वायूच्या प्रक्रियेतूनच मिळतो, तेव्हा हरित अमोनिया तिथे कसा चालणार, ही शंका रास्त आहे. म्हणूनच सुरुवात, जिथे हा वायू लागत नाही, त्या संयुक्त खतांपासून व्हावी. ट्रॉम्बेला ‘सुफला’ हे संयुक्त खत बनवणारी राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स (आरसीएफ) मुंबईतच आहे. खत महागले तर शेतकरी भरडला जाईल, हा आक्षेप त्याहून गंभीर. खताच्या गोणीवर केंद्र आजही अनुदान देतेच. दरातला फरक त्यातून भरून काढावा, गोणीच्या किमतीला हात लावू नये. तिजोरीवर भार येईल, हे खरे. पण त्याच्या बदल्यात आयात वायू आणि आयात अमोनियावरची मदार कमी होईल. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर त्यांचे भाव भडकले, तेव्हा हीच तिजोरी अनुदान वाढवत होती. संयुक्त खतांच्या कारखान्यांना हरित अमोनियाचा ठरावीक हिस्सा घेणे बंधनकारक करण्याचा आदेश दिल्लीने काढावा, आणि राज्याने आपल्या धोरणातला पैसा आधी अशा ग्राहकांसाठी राखून ठेवावा.