फराळाच्या ऑर्डरी आणि कोरा फॉर्म

मैत्रिणींनो, गेल्या दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी मी वहीत टिपल्या आणि एकाच आडनावाच्या दोघींचे डबे उलटसुलट गेले. एकीकडे मधुमेहाचे आजोबा, अन् पोचले काय, तर किलोभर बेसनाचे लाडू! यंदा मात्र गूगल फॉर्म्स.

संगणकावर ते उघडून कोरा फॉर्म घ्या. नाव, पत्ता, फोननंबर यांना 'शॉर्ट आन्सर' पुरतं. तिथे 'रिक्वायर्ड'चं बटण सुरू करा. मग हे रकाने भरल्याशिवाय फॉर्म पाठवताच येत नाही. खरी मेख पदार्थांत आहे. 'काय हवं?' असं मोघम विचारलंत की उत्तर येतं, 'गेल्या वेळेसारखंच, थोडं जास्त'! म्हणून चकली, लाडू, शेव, प्रत्येकाचा वेगळा प्रश्न करा आणि 'ड्रॉपडाउन'मध्ये पाव, अर्धा, एक किलो असे पर्याय द्या. इथे 'रिक्वायर्ड' नको हं, नाहीतर जिला चकली नकोच तिची पंचाईत.

डोळ्याच्या खुणेवर टिचकी मारून फॉर्म कसा दिसतो ते आधी बघून घ्या. मग 'पब्लिश' करून भरणाऱ्यांसाठीची लिंक व्हॉट्सॲपवर पाठवा. अर्धा किलो चकली कितीजणींनी मागितली, ते 'रिस्पॉन्सेस'मध्ये आकड्यानिशी दिसतं. तेवढीच भाजणी दळून आणायची.