संगणकाचा बाजार आणि स्वदेशीची कसोटी

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या संगणक-प्रणालीची नियमित सुरक्षा-सेवा थांबविली. निर्णय अमेरिकेतील, परंतु त्याचा भार पेण आणि रोहा यांसारख्या तालुक्याच्या गावांतील शाळा, पतसंस्था, छोटे व्यावसायिक आणि मध्यमवर्गीय कुटुंबे यांनाच उचलावा लागणार आहे. नव्या ‘विंडोज ११’साठी ज्या अटी घालण्यात आल्या आहेत, त्यांत साधारणपणे २०१७ पूर्वीच्या बनावटीची बहुतेक यंत्रे बसत नाहीत. काही मुदतीपुरती वाढीव सुरक्षा-सेवा देऊ करण्यात आली; पण त्यामुळे प्रश्न पुढे ढकलला गेला, सुटला नाही. यंत्र बिघडलेले नाही, मालकाची तक्रार नाही, रोजचे काम अडलेले नाही. तरीही ‘हे टाकून द्या आणि नवे घ्या’ असा हा आदेश आहे.

त्याच सुमारास दुसरा फटका बसला. जगातील डीरॅम प्रकारच्या स्मृती-चिपांचा बहुतांश पुरवठा सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांच्या हाती एकवटला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या महाकाय केंद्रांकडून मागणी वाढताच या कंपन्यांनी आपली उत्पादनक्षमता तिकडे वळविली आणि २०२५च्या अखेरीस सर्वसामान्य संगणकाच्या रॅमचे भाव झपाट्याने चढले. म्हणजे जुने यंत्र टाकायला लावणारा निर्णय परदेशात, आणि नव्याची किंमत वाढविणारा निर्णयही परदेशात! आपल्या वाट्याला आले ते केवळ पाकीट उघडणे. संगणकाच्या बाजाराकडे ‘काय घ्यावे, कितीला घ्यावे’ एवढ्याच दृष्टीने न पाहता राष्ट्रीय दृष्टीने पाहण्याची वेळ आली आहे, ती यामुळे.

आकडे काय सांगतात?

आयडीसी या बाजार-अभ्यास संस्थेच्या नोंदीनुसार २०२४ मध्ये भारताच्या बाजारात सुमारे १ कोटी ४४ लाख वैयक्तिक संगणक आले. त्याच वर्षी स्मार्टफोन आले सुमारे १५ कोटी १० लाख. एका संगणकामागे दहा फोन, असे हे प्रमाण आहे. संगणक-विक्रीतील पहिल्या पाच कंपन्या कोणत्या? एचपी, लेनोव्हो, डेल, एसर आणि आसूस. यांतील दोन अमेरिकन, एक चिनी आणि दोन तैवानी. ज्या देशाचे अभियंते जगभरच्या बँका आणि विमान कंपन्या चालविणाऱ्या प्रणाली लिहितात, त्या देशाचे एकही नाव या यादीत नाही.

दुसरा आकडा याहून बोलका आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये देशातील अवघ्या १०.७ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. शहरांत हे प्रमाण २३.४ टक्के, तर ग्रामीण भागात केवळ ४.४ टक्के होते. ज्या समाजाला आपण ‘माहिती तंत्रज्ञानातील महासत्ता’ म्हणवून घेतो, त्या समाजातील खेड्यांत शंभरांपैकी पंचाण्णव घरांत संगणकच नव्हता.

या आकड्यांचा अर्थ रायगड जिल्ह्याने जून २०२० मध्ये अनुभवला. महामारीमुळे शाळा बंद, शिक्षण दूरस्थ. आणि त्यातच ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. अनेक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. वीज परतल्यावरही असंख्य मुलांपुढे होता तो वडिलांचा फोन, तोही वडील कामावरून घरी आल्यावर मिळणारा.

‘फोन असल्यावर संगणक हवा कशाला?’ असा प्रश्न हल्ली अनेक घरांत विचारला जातो. त्याचे उत्तर स्पष्ट दिले पाहिजे. फोन हे मुख्यतः पाहण्याचे, ऐकण्याचे आणि विकत घेण्याचे साधन आहे; संगणक हे घडविण्याचे साधन आहे. हिशेबाची वही, यंत्राचा आराखडा, पुस्तकाची जुळणी, नव्या प्रणालीची रचना ही कामे बोटाने पडदा सरकवून होत नाहीत. समाज फोनवर थांबला, तर तो ग्राहक राहतो. संगणक हाताळू लागला, तर कर्ता होऊ शकतो. एकास दहा या प्रमाणाची चिंता त्यासाठी करायची.

मातीत नसलेली परंपरा नव्हे

संगणक ही आपल्यासाठी उपरी गोष्ट आहे, असे मानण्याचे कारण नाही. रोह्याला ज्यांचा सार्थ अभिमान वाटतो, ते डॉ. चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री म्हणून सर्वांना परिचित आहेत. मात्र त्यांच्या कर्तृत्वाचा एक पैलू फारसा ठाऊक नसतो. ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष होते आणि देशातील पहिला अंकीय संगणक १९५५-५६च्या सुमारास आला, तो त्यांच्या अध्यक्षपदाच्या काळात, याच संस्थेत. तो ब्रिटनहून आणलेला होता. पण पुढच्या काही वर्षांतच मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील भारतीय वैज्ञानिकांनी स्वतः रचलेला संगणक उभा केला. त्याला १९६२ मध्ये ‘टिफ्रॅक’ असे नाव देण्यात आले. १९७८ मध्ये आयबीएम कंपनी भारत सोडून गेली, तेव्हा देश थांबला नाही. एचसीएल, विप्रो यांसारख्या देशी कंपन्यांनी ती पोकळी भरून काढली. महासंगणकाचे तंत्रज्ञान सहजी मिळेना, तेव्हा पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ साकारला.

मग ही परंपरा खंडित का झाली? १९९७ मध्ये, संयुक्त आघाडीच्या सरकारच्या काळात, भारताने जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारावर स्वाक्षरी केली. संगणक आणि त्याचे सुटे भाग यांवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने २००५ पर्यंत शून्यावर आणण्याचे बंधन त्यातून आले. ज्या देशांनी आधी कारखाने, वीज, बंदरे आणि स्वस्त भांडवल यांची सिद्धता केली होती, त्यांच्या मालाला आपले दार सताड उघडे मिळाले. आपल्या उद्योगाला मात्र महाग कर्ज, अपुरी वीज आणि करांचे ओझे घेऊनच त्या शर्यतीत धावावे लागले. परिणाम व्हायचा तोच झाला. २०१३ या एकाच वर्षी एचसीएल आणि विप्रो या दोन्ही कंपन्यांनी वैयक्तिक संगणकाच्या उत्पादनातून अंग काढून घेतले. हा करार नंतरच्या कोणत्याही सरकारला, आपल्या विचारांच्या सरकारांनाही, मागे घेता आलेला नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. २०१५ मध्ये त्याच कराराच्या विस्तारात सामील होण्यास भारताने नकार दिला, तो या अनुभवातून आलेल्या शहाणपणामुळेच.

पेणच्या कारखान्यांचा धडा

स्वदेशीचा विषय निघाला की, ‘प्रत्येक सुटा भाग येथेच बनला पाहिजे का?’ असा उपहासाचा प्रश्न येतो. त्याचे उत्तर पेणने पिढ्यान्‌पिढ्या देऊन ठेवले आहे. पेण, हमरापूर, जोहे या परिसरातील शेकडो गणपती कारखान्यांतून श्रींच्या मूर्ती मुंबई-पुण्यापासून परदेशापर्यंत जातात. मूर्तीची शाडूची माती येते गुजरातमधून. म्हणून मूर्ती पेणची नव्हे, असे कोणी म्हणत नाही. कारण साचा घडविणारा, मूर्तीवर अखेरचा हात फिरविणारा, रंग देणारा आणि डोळ्यांची आखणी करणारा कारागीर पेणचा आहे. कौशल्य येथले, निर्णय येथला, नफ्याचा वाटाही येथला. मूर्तीचे बोट दुखावले, तर ते जोडण्याची विद्याही त्याच कारखान्यात आहे.

ही कसोटी संगणकाला लावून पाहावी. पंचवीस वर्षांपूर्वी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, कॅबिनेट आणून तालुक्याच्या गावी यंत्र जोडून देणारा तरुण हा लहान प्रमाणात का होईना, पेणच्या मूर्तिकाराचाच भाऊबंद होता. भाग परके होते; पण जोडणी, दुरुस्ती, वाढ आणि सल्ला त्याच्या हातात होता. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे गावोगावी संगणक केंद्रे उघडली, तेव्हा अशाच तरुणांनी ती यंत्रे चालती ठेवली. आज बाजारात येणाऱ्या अनेक लॅपटॉपांत रॅम मुख्य पट्टीलाच डकवलेली असते, बॅटरी चिकटवलेली असते आणि सुटे भाग कंपनीच्या केंद्राखेरीज मिळत नाहीत. गावातील कारागिराचे ज्ञान निरुपयोगी ठरविणारी ही रचना आहे. यंत्राचे मूल्य आपण भरतो. त्यावरची सत्ता मात्र विकणाऱ्याकडेच राहते.

पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ मध्ये एकात्म मानवदर्शन मांडताना, यंत्र हे श्रमिकाचे साहाय्यक असावे, स्पर्धक नव्हे, हा विवेक सांगितला होता. पेण तालुक्यातील गागोदे येथे जन्मलेले आचार्य विनोबा भावे यांनीही विज्ञानाचा धिक्कार केला नाही. विज्ञान आणि अध्यात्म यांची सांगड घालावी, असेच ते सांगत राहिले. प्रश्न यंत्र असावे की नसावे, हा नाहीच. यंत्रावर स्वामित्व कोणाचे, हा आहे.

सत्ता परक्या हाती असली तर

हा केवळ पैशाचा प्रश्न आहे, असे ज्यांना वाटते, त्यांनी जुलै २०२५ मधील घटना आठवावी. युरोपीय संघाच्या निर्बंधांचे निमित्त होऊन मायक्रोसॉफ्टने गुजरातमधील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण प्रकल्प चालविणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीच्या सेवा अचानक थांबविल्या. पैसे भरलेले होते आणि भारताच्या कायद्याचा कोणताही भंग झालेला नव्हता. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले आणि त्यानंतर सेवा पूर्ववत झाल्या. आज पेण तालुक्यातील डोलवीचा पोलाद कारखाना असो, नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प असो किंवा रोह्याजवळील धाटावची औद्योगिक वसाहत असो, संगणकाविना कोणाचाही दिवस जात नाही. जे वाडीनारला घडले, ते अन्यत्र घडणार नाही, याची हमी कोण देणार?

केंद्र सरकारने या दिशेने पावले टाकली आहेत, ही समाधानाची बाब आहे. मे २०२३ मध्ये संगणक आणि तत्सम यंत्रांच्या उत्पादनासाठी १७,००० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याचे बंधन घोषित झाले. उद्योगजगतातून ओरड होताच ते पुढे ढकलून ऑक्टोबरमध्ये सौम्य स्वरूपाची नोंदणी-व्यवस्था आणण्यात आली. साणंद आणि धोलेरा येथे चिप उद्योगाची पायाभरणी झाली. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे देशी प्रोसेसर प्रयोगशाळेतून बाहेर येऊ लागले आहेत. तथापि, परक्या आराखड्याचे सुटे भाग आणून येथे केवळ पेच आवळणे म्हणजे स्वावलंबन नव्हे. पेणची कसोटी येथेही लावावी लागेल : आखणी कोणाची?

घराघरातून काय करता येईल?

धोरण दिल्लीत ठरते. पण बाजार आपल्या खरेदीने ठरतो. संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने मांडल्या गेलेल्या पंच परिवर्तनांत स्वबोध, कुटुंब प्रबोधन आणि पर्यावरण हे विषय आहेत. घरातला संगणक या तिन्हींना स्पर्श करतो.

पहिली गोष्ट, चालू यंत्र फेकू नये. सी-डॅकने २००७ मध्ये आणलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली किंवा तत्सम मुक्त प्रणाली जुन्या यंत्रावरही चालतात आणि त्यांत मराठीत काम करता येते. केरळने आपल्या शासकीय शाळांत मुक्त प्रणाली रुजवून दाखविली आहे. तेथील राज्यकर्त्यांशी आपले कितीही मतभेद असले, तरी हे काम अनुकरणीय आहे. अशा प्रणालीवर काही ओळखीची सॉफ्टवेअर चालत नाहीत, शिक्षकांना नव्याने शिकावे लागते, ही अडचण खरी आहे. परंतु एका तालुक्यातील चार जाणकार तरुणांनी महिन्यातील दोन रविवार दिले, तर ती दूर होण्यासारखी आहे.

दुसरी गोष्ट, नवे यंत्र घेताना केवळ सवलत पाहू नये. रॅम वाढविता येते का, बॅटरी बदलता येते का, सुटे भाग मिळतात का, हे आधी विचारावे. ग्राहक व्यवहार मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा अधिकार’ हे संकेतस्थळ सुरू केले, ते ग्राहकाने प्रश्न विचारावेत म्हणूनच. आणि शक्य तेथे खरेदी गावातील त्या दुकानातून करावी, जेथे बिघाड झाल्यावर माणूस भेटतो. ऑनलाइन खरेदीत वाचलेले चारशे रुपये पहिल्याच दुरुस्तीला पनवेलची फेरी करताना खर्ची पडतात.

तिसरी गोष्ट, जेथे संगणक नाही तेथे तो पोहोचवावा. शहरातील कार्यालयांतून दरवर्षी बाद होणारी यंत्रे दुरुस्त करून वाडी-पाड्यावरील अभ्यासिकेत, वस्तीगृहात, वाचनालयात बसविणे, हे सेवाकार्य सहज हाती घेता येण्यासारखे आहे. जे खरोखरच निकामी झाले आहे, ते मात्र भंगारात न टाकता अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच गेले पाहिजे. त्यातील शिसे आणि पारा आपल्याच अंबा-कुंडलिकेच्या पाण्यात उतरता कामा नये.

‘हे सारे लहान गावात कसे होणार?’ असे म्हणणाऱ्यांनी तमिळनाडूतील तेन्काशीकडे पाहावे. श्रीधर वेंबू यांच्या झोहो कंपनीने तेथील ग्रामीण परिसरात जगभर वापरली जाणारी सॉफ्टवेअर घडविणारे केंद्र उभे केले आणि स्थानिक तरुणांना हाताशी धरले. पेणकडे कारागिरीची परंपरा आहे, रोह्याकडे चिंतामणराव देशमुखांचा वारसा आहे, आणि जिल्ह्यात लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. उणीव आहे ती, आपण केवळ गिऱ्हाईक नसून कर्ते होऊ शकतो, या विश्वासाची. तो विश्वास कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही आणि त्याला आयातशुल्कही लागत नाही. तो घरात, शाळेत आणि संघस्थानावरच घडवावा लागतो.