बॉयलरला राखणदार, संगणकाला कोण?

आमच्या महाडच्या औद्योगिक वसाहतीत बॉयलर पेटवायचा, तर त्याच्यापाशी प्रमाणपत्र असलेला माणूस लागतो. तसा कायदाच आहे. आणि पुराची सूचना देणाऱ्या संगणकापाशी? "सॉफ्टवेअर आपोआप चालतं, मास्तर!" आपोआप म्हणे!

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री-गांधारीचे पाणी बाजारपेठेत शिरले. वीज गेली, फोन मुके झाले. त्याच संध्याकाळी तळियेवर दरड कोसळली, आणि मदतीची पथके पोचायला दुसरा दिवस उजाडला. संदेश मोबाईलवर, मोबाईल टॉवरवर, टॉवर विजेवर आणि वीज पाण्यात!

सॉफ्टवेअर लिहिणारी मंडळी हुशार खरी. पण आपण पुण्यामुंबईत बसून लिहायचे नि बिघडले की दुसऱ्याने निस्तरायचे, ही कुठली रीत? ज्यांनी यंत्रणा रचली, त्यांच्यातलाच एकजण आषाढ-श्रावणात पाळीपाळीने रात्री जागा हवा. काय बिघडले ते वहीत लिहून पुढच्या पाळीच्या हाती द्यावे. कारखान्यातल्या कामगाराला हे शिकवावे लागत नाही. आणि मृगाआधी एकदा मुद्दाम वीज तोडून पाहावे, पोलादपूरच्या वाडीवर संदेश पोचतो का? न पोचल्यास त्यांचे बिल खुशाल अडवून ठेवावे.